मध्ये कोणी नाही

गल्लीत तिला सगळे हॅलोताई म्हणत. उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती तिची. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात प्लग. इकडचा आवाज तिकडे जोडून द्यायचा आणि आपण बाजूला व्हायचं. पण लाइन नीट लागली का हे बघायला दोन वाक्यं ऐकावीच लागत, आणि दोन वाक्यांत माणसाचं अर्धं घर कळतं. कोणाची नोकरी गेली, कोणाचं लग्न मोडलं, कोण कोणाला गोड बोलून फसवतंय, सगळं तिच्या कानांवरून गेलं. तोंडातून मात्र तिने कधी ब्र काढला नाही. नवरा हयात होता तेव्हा चेष्टेने म्हणायचा, "अख्ख्या गावाची तिजोरी आमच्या घरात, पण किल्ली मला कधी मिळाली नाही."

म्हणून लेकीने तिच्या फोनवर निरोप धाडायचं ते नवं अ‍ॅप घालून दिलं, तेव्हा तिने पहिलं हेच विचारलं, "मध्ये कोण बसतं?"

"कोणी नाही, आई."

"असं कसं? कोणीतरी जोडून देत असेलच की."

"जोडतात, पण त्यांना काही कळत नाही. माझ्या फोनमध्ये शब्दांना कुलूप लागतं, ते फक्त तुझ्या फोनमध्ये उघडतं. मधल्याच्या हाती नुसती खरखर."

"मी मधलीच होते गं," हॅलोताई म्हणाली. "मला तर सगळं लख्ख ऐकू यायचं."

लेक हसली, पण बॅग भरायची थांबली नाही. ती बातमीदार होती. एका कारखान्यातून बनावट गोळ्या बाजारात जातात, हे तिने पुराव्यानिशी छापून आणलं होतं. आधी निनावी फोन आले. मग दाराशी अनोळखी माणसं उभी राहायला लागली. शेवटी संपादकानेच सांगितलं, काही दिवस देशाबाहेर राहा. त्या काही दिवसांची बघता बघता वर्षं झाली. ती कुठे राहते, हे आईलाही ठाऊक नव्हतं. "तुला माहीत नसलं की तुला कोणी छळणार नाही," असं ती म्हणे.

आणि आलेला निरोप एका दिवसात आपोआप पुसला जाई. तशीच सोय लेकीने करून ठेवली होती. सकाळी तिचा आवाज यायचा, 'आई, बरी आहे, सर्दी आहे जराशी,' आणि दुसऱ्या सकाळी त्या जागी काहीच नसायचं. हॅलोताई तो आवाज पुन्हा पुन्हा ऐके. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. शब्द पाठ व्हायचे, पण आवाज पाठ होत नाही. वाक्य संपताना लेक बारीक श्वास घेई, तो नेमका कसा होता, हे दोन दिवसांनी आठवेनासं होई आणि जीव कासावीस व्हायचा.

"एखादा तरी राहू दे ना," तिने एकदा विनवलं.

"नको, आई. तुझा फोन कोणी काढून घेतला तर?"

पुढच्या गल्लीत तिची नणंद राहायची. शिवणकाम करणारी, एकटी बाई. हॅलोताई कामावर गेली की भाचीला हिनेच सांभाळलेलं. एका दुपारी ती येऊन बसली आणि चहा निवला तरी कपाला हात लावेना.

"वहिनी, तुम्हाला निदान आवाज तरी मिळतो. मला ती स्वप्नातसुद्धा मुकीच दिसते."

हॅलोताईला राहवलं नाही. तिने त्या सकाळचा निरोप लावला. दोघींनी डोळे मिटून ऐकला. मग नणंदेने आपला फोन पुढे केला. "ह्यात भरून घेऊ? मी फक्त रात्री निजताना ऐकेन."

आणि जिने आयुष्यभर कोणाचं काही बाहेर जाऊ दिलं नव्हतं, तिने स्वतःच्या हाताने एक फोन दुसऱ्या फोनला टेकवून धरला.

नणंदेने चार दिवस कळ काढली. पाचव्या दिवशी आनंद मावेना, म्हणून घरच्या ग्रुपवर तो आवाज टाकला. खाली लिहिलं, 'आपली पोर सुखरूप आहे.' थोड्याच वेळात एका पुतण्याचं उत्तर आलं, 'तिच्या आवाजामागे ट्राममध्ये थांब्याचं नाव पुकारतायत. अरे, मी राहिलोय त्या शहरात!'

हॅलोताईने ग्रुपवरून आवाज काढायला लावला, पण तोवर तो कोणी कोणाला पाठवला, हे कोण सांगणार? काही न लपवता तिने लेकीला कळवलं. उत्तर लगेच आलं. 'घर सोडतेय. हा फोनही टाकून देतेय. तुझ्यावर राग नाही, आई.'

त्यानंतर काही नाही.

नणंद रडून रडून अर्धी झाली. "माझंच बोट झडलं असतं तर बरं."

"फोन मी धरला होता, वन्सं," हॅलोताई म्हणाली. त्या अ‍ॅपवर तिने कधी पुरता विश्वास टाकला नव्हता. त्याने तर शब्द पाळला होता. फुटलं ते तिच्या स्वयंपाकघरात, चहाच्या टेबलावर.

ऋतू पालटला. ती भाजी आणायला जाई, देणीघेणी बघे, शेजाऱ्यांशी हसून बोले. सगळं चालू होतं आणि कशातच ती नव्हती. खिशातला फोन हलल्याचा भास होई. काढून बघावं तर कोणी नाही.

मग एका सकाळी लेकीच्या नावावर निरोप आला. 'आई, मीच. नवा फोन घेतला.' त्याच्या वरच बारीक अक्षरांत एक सूचना होती की या व्यक्तीचा सुरक्षा क्रमांक बदललाय, म्हणजे फोन नवा असेल किंवा माणूसच दुसरं असेल. हॅलोताईने उत्तर दिलं नाही.

"अहो, लेक हाक मारतेय आणि तुम्ही दगडासारख्या गप्प?" नणंद कळवळून म्हणाली.

"लेक असेल तर समजून घेईल."

"आणि नसेल तर?"

"म्हणून तर गप्प आहे."

तो दिवस तिने कसा काढला, ते तिचं तिला माहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. तिने उचलून कानाला लावला.

"बोलू नकोस, आई," पलीकडून आवाज आला. "माझं नाव दाब, आकडे दिसतील. मी वाचते, तू ताडून बघ. दोघींकडे सारखे असले तर मध्ये कोणी नाही."

आवाज तिचाच होता. तरी हॅलोताईने चष्मा लावला. लेक पाच पाच आकडे वाचत गेली. एका ठिकाणी आवाज तुटला आणि आकडा पुसट झाला.

"तो गट परत सांगा," हॅलोताई म्हणाली, एक्स्चेंजमध्ये परक्याशी बोलायची तशी. लेकीने परत सांगितला. शेवटपर्यंत सगळे जुळले.

मग तिने चष्मा काढला. "बाळा," एवढंच म्हणाली.

"जेवतेस ना वेळेवर?"

"जेवते. आत्या कशी आहे?"

"तुझ्या आवाजाला घाबरते आता. तिच्याशी बोल एकदा, तिला बरं वाटेल." हॅलोताई खुर्चीत टेकली. "खोली बरी आहे का गं? खिडकीतून काय दिसतं?" आणि लेक तोंड उघडायच्या आत घाईने म्हणाली, "नको, नको सांगूस. ऊन येतं का, एवढंच सांग."

"येतं. दुपारी येतं."

"बरं," ती म्हणाली.