स्प्रिंग बसेपर्यंत

वहिनीचा फोन आला तेव्हा माझा मुलगा निखिल गाडी घेऊन कशेळीला गोडाऊनवर कामाला गेला होता, त्यामुळे पलीकडून रडणं ऐकू आल्याबरोबर माझ्या तोंडून त्याचंच नाव निघालं. "निखिल न्हाय गं... तुझा दादा," वहिनी म्हणाली. निखिल नाही, एवढं ऐकून माझा जीव भांड्यात पडला, आणि मग ती पुढे काय म्हणाली ते डोक्यात शिरलं. मी ओट्याला धरून खाली बसले. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, गॅस बंद करायचं भानच राहिलं नाही.

मी मुळातच भित्री. पाल चुकचुकली तरी हिला ताप भरतो, असं दादा सगळ्या पाहुण्यांना सांगायचा. तो स्वतः कशालाच भ्यायला नाही. भिवंडीजवळ काल्हेरला गोडाऊनांच्या रांगेमागे त्याची पत्र्याची शेड होती, तिथे तो गाड्यांच्या सस्पेन्शनचं काम करायचा. हौशी पोरं यायची, मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड, कडक स्प्रिंगा बसवून घ्यायची, की गाडी चार बोटं खाली येऊन जमिनीला चिकटल्यासारखी दिसायची. भिवंडीच्या रस्त्यांवर असली गाडी चालवायची म्हणजे आ बैल मला मार! इथले खड्डे काय, स्पीडब्रेकर काय, वर हे कंटेनर. मी दादाला म्हणायचे, अरे पोरांना चार शब्द समजावून सांग. तो हसायचा. हौस आहे त्यांची, करू दे, माझ्याकडे केली तर निदान नीट तरी होईल, असं त्याचं उत्तर. मग एक दिवस माझाच मुलगा त्या पोरांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. दादाने लाडक्या भाच्याच्या गाडीला स्वतःच्या हाताने स्प्रिंगा घातल्या आणि मी दोघांशी दोन दिवस अबोला धरला.

दादाचा एक नियम होता, त्यावरून गिऱ्हाइकांशी त्याची हुज्जत ठरलेली. स्प्रिंगा घातल्या की लगेच चाकांचं अलाइनमेंट, म्हणजे चाकं मापात सरळ लावणं, करायचं नाही. नवी स्प्रिंग गाडीचं वजन घेऊन थोडी दबते, मुरते, तोवर आज लावलेलं माप उद्या हुकतं. म्हणून आठवडाभर जपून चालवा, मग या. निजामपुऱ्यातले पॉवरलूमवाल्यांचे मुलगे घायकुतीला यायचे, "चाचा, आज ही कर दो ना." दादा हात पुसत एवढंच म्हणायचा, "घाई नको. तिला बसू दे." हे "बसू दे" त्याच्या तोंडात इतकं बसलं होतं की घरातही तेच चालायचं. माझं नि सासूबाईंचं वाजलं, बसू दे. निखिल नोकरी सोडतो म्हणाला, बसू दे. माझ्या अबोल्यावरही वहिनीला तो हेच म्हणाला होता म्हणे. आणि खरं सांगते, बहुतेक वेळा बसायचंही सगळं.

वहिनीचा फोन आला त्या सकाळी दादाच्या छातीत जड वाटायला लागलं. वहिनी म्हणाली, चला, रिक्षा करते, डॉक्टरकडे जाऊ. तो म्हणाला, रात्रीचे वाल बाधलेत, बसेल. चहा प्यायला, शेडवर गेला, शटर अर्धं वर केलं... आणि तिथेच कोसळला. मला अजून राग येतो त्याचा. स्प्रिंग आणि काळीज यांत काही फरक आहे की नाही रे दादा?

निखिलच्या स्प्रिंगांना आठवडा होणार म्हणून त्याने त्याला रविवारी अलाइनमेंटला बोलावलं होतं. त्या रविवारी आम्ही सगळे वहिनीच्या घरी सतरंजीवर बसलो होतो. दहावं झालं, तेरावं झालं, शेडला कुलूप लागलं. मी निखिलला म्हणाले, दुसरीकडे करून घे. तर म्हणे, करतो. करतो करतो करत महिना गेला. गाडी सरळ न्यायची तर त्याला स्टिअरिंग जरासं डावीकडे वळवून धरावं लागायचं. एकदा मी फारच धोशा लावला तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "मामा करणार होता, आई."



मग मीच त्याच्यासोबत जायला लागले. कशेळीला शिवणवर्गात काम मिळालंय असं सांगितलं, आणि खरंच मिळवलंही. जे काय व्हायचं ते माझ्या डोळ्यांसमोर होऊ दे, एवढाच विचार. त्या बुटक्या गाडीत बसलं की शेजारच्या कंटेनरचं चाक बरोबर तोंडासमोर येतं. चाकाचे नट दिसतात, त्यांच्यावरचा चिखल दिसतो. खाडीवरच्या पुलावर दोन्ही बाजूंनी अशी चाकं फिरत असायची आणि निखिल वाकडं स्टिअरिंग धरून मधून निघायचा. माझे ओठ रामरक्षा पुटपुटत असायचे, आणि अर्ध्यात कुठली ओळ चुकली की सगळी परत पहिल्यापासून.

एका सकाळी हवा भरायला थांबलो. पंक्चरवाल्याने पुढच्या डाव्या टायरच्या आतल्या अंगाला हात घातला आणि तसाच झटकन मागे घेतला. त्याने निखिलला बोलावलं, मीही उतरले. बाहेरून टायर नवाकोरा. चाक तिरकं चालून आतून मात्र रबर पार खाल्लं गेलं होतं आणि तारा बाहेर आल्या होत्या. "भाई, ये तो कभी भी फटेगा," तो म्हणाला. मी तिथेच फुटपाथवर बसले.  निखिलचा चेहरा पांढराफटक पडला होता, कारण गेला महिनाभर त्याची आई रोज त्याच टायरच्या बाजूला बसत होती.

 निखिलने तिथेच टायर बदलून घेतले आणि गाडी थेट काल्हेरच्या दुसऱ्या एका दुकानात घातली. तिथल्या माणसाने चाकांना मोजमापाच्या पट्ट्या लावल्या, स्क्रीनवरचे आकडे जुळवले, म्हणाला, आता हात सोडलात तरी सरळ जाईल. आम्ही निघालो. हायवेला डाव्या बाजूने कंटेनर चालला होता, आणि बघता बघता त्याचं चाक माझ्या काचेजवळ यायला लागलं. मी किंचाळले. निखिलने गाडी सावरली, पुढे नेऊन कडेला उभी केली. गाडी सरळच होती. त्याचे हात सवयीने स्टिअरिंग डावीकडे धरून होते.

त्याने हात मांडीवर ठेवले, त्यांच्याकडे बघत बसला. "मामा गेला ना, आई," म्हणाला, आणि सतरंजीवर जो रडला नव्हता तो मुलगा तिथे, कंटेनरांच्या आवाजात, लहानपणी रडायचा तसा रडला. मी त्याचं डोकं कुशीत घेतलं.

आता गाडी नीट चालते. मी शिवणवर्ग सोडलेला नाही, रोज त्याच्या शेजारी बसते. पहाटे लवकर निघालो आणि रस्ता अगदी मोकळा मिळाला, तर कधी कधी त्याचे हात नकळत जरासे डावीकडे जातात, गाडी हलकेच कडेला सरकते. मला भीती वाटते. दाराचं हँडल घट्ट धरते... पण त्याला लगेच टोकत नाही, दादासारखंच मनात म्हणते, बसू दे.