सुतकातली नाली

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून एक लुगडं पिळलं. निळीतून काढलेलं ओलं लुगडं एकट्याच्यानं पिळलं जात नाही. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. पिळता पिळता बायको म्हणाली, "अवो, नीट धरा ना. त्या साबणवाल्याच्या दाराकडं काहून पाहून राहिले?" लुगडं वाळत घातलं, भिंतीला टेकून बसली... आणि दुपारच्या आत गेली. डॉक्टर म्हणाला, छातीत कळ आली. मले त्याचाही भरवसा वाटला नाही.

अकोल्यात आमचं रंगाऱ्याचं घर. बायको माझी भारी संशयी. भाजीवाल्याचा काटा, भटजीचा मुहूर्त, माझं देवळात जाणं, सगळं उलटंपालटं करून पाहायची. आधी मी वैतागायचो. पुढं माझीही नजर तशीच झाली.

मागं गावच्या म्युनिसिपल कमेटीनं नवा नियम काढला. नालीपट्टी प्रत्येक घराले होतीच. आता ज्याच्या धंद्याचं पाणी "कडक", म्हणजे नाली नासवणारं, त्याले दुप्पट. कडक कसं ठरवायचं? तर इन्स्पेक्टर कोपऱ्यावर उभा राहून नालीत पाहणार. त्या कोपऱ्यावर आमचं आणि शेजारच्या साबणवाल्याचं पाणी एक होते. पाहिलं तर निळं. झालं, दोष रंगाऱ्याचा! दुप्पट पट्टी बसली असती तर निळीचे रांजण फोडून दुसऱ्याच्या दारी मजुरीले जावं लागलं असतं.

ती इन्स्पेक्टरच्या तोंडावर म्हणाली, "साहेब, रंग दिसते म्हून आमाले धरता. वास कोनाचा हाये ते नाकानं पाहा ना!"

"बाई, दोन्ही पाणी मिसळलं. आता वेगळं कसं करू?"

"आमी आमचं बंद ठेवतो एक दिवस."

तो हसला. "मी आलो की बंद, गेलो की चालू. हे मला शिकवू नका."

शेवटची पाहणी करायले येतो म्हणून दिवस सांगून गेला. त्याची पाठ वळताच ती म्हणाली, "साबनाच्या वड्या पोचल्या वाटते याच्या घरी." वड्या मी काही पाहिल्या नाहीत. पण त्याचं धोतर पांढरंशुभ्र होतं खरं.

त्या पाहणीच्या आदल्या दिवशीच ती गेली. साबणवाल्यानं खांदा दिला, रडलाही. मले तिथंही शंका आली, अन् आली म्हणून लाजही वाटली... काय करू, तिच्याच हाताखाली शिकलो.

सुतकात रंगारी निळीले हात लावत नाही, हे साऱ्या अकोल्याले ठाऊक. रांजण झाकलेले, मोरी कोरडी. साहेबाले दाखवायपुरतं बंद ठेवलं, असं आता कोणी म्हणू शकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी इन्स्पेक्टर आला आणि दारातली माणसं पाहून थबकला. "राहू द्या, पुढं येतो."

"नाही साहेब, आजच पाहा."

मी पुढं, तो मागं, कोपऱ्यावर गेलो. नाली भरून वाहत होती. वर फेस, खाली सडक्या चरबीचा घाणेरडा वास. निळ्याचं नावसुद्धा नाही. तो दूरच उभा.

"मले शिवू नका, सुतक हाये," मी म्हणालो, "पन नालीचा तेवढा वास घ्या."

त्यानं नाकाले रुमाल लावला अन् उभ्याउभ्याच कागदावर लिहिलं. इंग्रजीत. मले त्यातलं अक्षर कळेना, म्हणून त्याच्याकडूनच तीनदा वाचून घेतलं: रंगाऱ्यास साधी पट्टी, साबणवाल्यास दुप्पट. ती असती तर चौथ्यांदा वाचायले लावलं असतं, अन् तेही दुसऱ्याच कोणाकडून...