मैदानाकडे पाठ

आमचे अण्णा मुलींच्या फुटबॉल टीमचे कोच होते आणि मॅच चालू असताना मैदानाकडे पाठ करून उभे राहायचे. बाकीचे पालक आधी हसले, मग चिडले.

अण्णा सोलापुरातल्या एका कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले पॉवरलूम दुरुस्त करणारे. चाळीस मागांच्या खडखडाटात कुठला माग बिनसलाय, हे ते न बघता सांगत. फुटबॉल त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. आमचे खेळाचे सर बदलून गेले आणि टीम बंद पडायची वेळ आली. "कोण सांभाळेल?" मुख्याध्यापिका बाईंनी पालकसभेत विचारलं. त्याच वेळी अण्णांनी हात वर केला, पिण्याचं पाणी कुठंय हे विचारायला. टाळ्या पडल्या. पाणी काही मिळालं नाही.

"मग न्हाय म्हणायचं की!" आई करवादली.

"पोरी लई खूश झाल्या गं," अण्णा म्हणाले.

"बघून काय कळतंय? सगळ्या पळतच असत्यात," असं म्हणत अण्णा मॅचभर पाठ फिरवून ऐकायचे. "शबाना, बॉल मागताना लाजतीस व्हय? आवाजच येईना तुझा!" मग आम्ही एकमेकींना ओरडून हाका मारायला लागलो, आणि काय आश्चर्य, जिंकायलाही लागलो.

फायनलला जिल्ह्याची टीम निवडणारे येणार होते. वयाच्या अटीमुळे माझी ती शेवटची संधी. आदल्या दिवशी जिन्यात माझा पाय मुरगळला. मी घट्ट पट्टी बांधली, वर मोजा चढवला आणि गप्प बसले. अण्णा उभे असत त्याच कडेनं मी पळायचे. दहा मिनिटांत ते न वळता ओरडले, "कविता, भाईर ये."

"का?"

"पाऊल बरोबर पडंना तुझं. भाईर ये म्हणतो न्हवं?"

बाहेर येऊन मी सगळ्यांदेखत म्हणाले, "तुम्हाला फुटबॉलमधलं काय कळतं?"

"कायबी न्हाय," अण्णा म्हणाले.

शबाना निवडली गेली. मला प्लास्टर लागलं. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

पाचव्या दिवशी अण्णा शाळेत शिट्टी परत द्यायला आले. मी बाईंच्या दाराबाहेर उभी होते.

"सोडता कशाला? टीम जिंकली की," बाई म्हणाल्या.

"खरा कोच असतो तर पोरगीला खेळवली असती, बाई. ऐन वक्ताला मी बापच निघालो."

ते बाहेर आले. मला रडू आवरेना.

"चला घरी, अण्णा," मी म्हणाले.