भात उतरून राहिला का?

“भात उतरून राहिला का?” नमस्कार ना चमत्कार, सायकल टेकवायच्या आधी काकांचा हा प्रश्न पेशंटच्या ओसरीवर पोचलेला असे.

अन्ननलिकेचा कॅन्सर झालेल्यांची नळी काढून जठर गळ्यापर्यंत ओढून जोडायचं, हे काम नागपूरचे एक सर्जन करत. पुढे ती माणसं किती जगतात, काय खातात, याचा त्यांचा अभ्यास चालू होता. त्याचे फॉर्म गोंदियाच्या आमच्या दवाखान्यात मी भरायची आणि गावोगाव फिरून माहिती आणायचे ते आमचे हे शिपाईकाका.

डॉक्टरांसमोर सगळेच म्हणत, “बरं हाय साहेब.” त्यांना वाईट वाटू नये ना! म्हणून काका बरोबर जेवणाच्या वेळी टपकत. भाताचा घास गिळताना डोळ्यांनी पाहिला तरच फॉर्मवर ‘भात’, नाहीतर ‘पेज’. आमगावच्या एका म्हातारीने “आला मेला जेवाले!” म्हणून हाकललं, तर हे खूश. “भात खाता खाता हाकललं, बाई. लिवा भात!”

“खोटं लिवलं तं डॉक्टर काय शिकन?” हे त्यांचं दुसरं वाक्य.

फॉर्मचा शेवटचा रकाना मृत्यूचा. तो भरून भरून माझा जीव विटला होता. कितीदा वाटलं, द्यावी नोकरी सोडून.

एका उन्हाळ्यात काका डब्यात पेज आणू लागले. तुम्हीच सांगा, आमच्याकडे उन्हाळ्यात पेज कोण पीत नाही? “पोटाले थंड वाटते,” म्हणाले. मीही वाटीभर प्यायले, वर कांदा मागितला. मग पाऊस आला, रोवणी झाली, धान निसवून लोंब्या आल्या, तरी डब्यात पेजच.

“काका, भात काऊन नाही आणत?” मी विचारलं. ते डब्याचं झाकण लावू लागले. म्हणजे भात उतरतच नव्हता. रोज समोर बसून जेवणारी मी, डोळे असून आंधळी!

“तुम्हाला तर सगळं माहीत होतं ना?”

“माहीत होतं, मनूनच भेव लागला, बाई.”

नागपूरला सर्जनांनी त्यांची छाती उघडली आणि तशीच शिवली. गाठ श्वासनळीला चिकटली होती.

नळी निघाली नाही तरी फॉर्म भरायचाच असे. महिन्याने मी तो घेऊन त्यांच्या घरी गेले, जेवणाच्या वेळी. मला पाहताच त्यांनी काकूंकडे ताट मागितलं, भात कालवला, एक घास घेतला. मला त्यांच्या गळ्याकडे बघवेना. घास उतरला नाही. काकूंनी धरलेल्या वाटीत तो टाकून ते बराच वेळ खोकत राहिले.

“उतरला ना, काका,” मी म्हणाले. “भात लिहिते.”

“काऊन?” ते चिडलेच. “पेज लिवा.”

मी लिहिलं. दिवाळीनंतर त्यांचा शेवटचा रकानाही मीच भरला.

आता घरोघरी फोन आलेत. नवा शिपाई इथूनच विचारतो. सगळे सांगतात, “बरं हाय.” मी लिहून घेते.