नंदुरबारला झालेली संदेष्ट्यांची परीक्षा

नंदुरबार स्टेशनच्या मालधक्क्यावरचे बाबू बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, होते. गावात त्यांच्या धर्माचे दुसरे घर नव्हते. कोकणातून त्यांच्या वडिलांचा निरोप आला: "मी येतो आहे. नातवंडांना आपले संदेष्टे सांगता आले नाहीत, तर दोघांनाही इकडे घेऊन येईन." तेव्हापासून मुलांची आई चुलीपुढे डोळे पुशीत बसे. बाबूंना सवड नव्हती, आणि त्यांच्या मराठी धर्मग्रंथाची भाषा इतकी संस्कृतप्रचुर होती की त्यांनी सरळ मलाच गाठले.

"शास्त्रीबुवा, भाषा तुमची, देव आमचा. एवढे पार पाडा."

देव कोणाचा, याविषयी मी वाद घातला नाही. माझ्या समजुतीने संदेष्टे म्हणजे ऋषीच. म्हणून स्नान करून, ग्रंथ पाटावर ठेवून मी पाठ आरंभिला, आणि संदेष्ट्याचे नाव घेताच हात जोडावेत, असा दंडक घातला. थोरल्या मुलाने तो निष्ठेने पाळला. धाकटीला मात्र नमस्कारापेक्षा आचरणाची घाई. पीक कापताना शेताचा कोपरा गरिबांसाठी सोडावा, ही त्यांच्या ग्रंथातली आज्ञा मी सांगितली आणि दुसऱ्याच दिवशी माझ्याबरोबर कोरीटच्या वाटेने जाताना तिने एका शेतकऱ्याला हटकले.

"कोपरा का बरं कापा?"

"हाई तुन्हा बापनं वावर शे का?"

"नही. देवनं शे."

शेतकऱ्याने माझ्याकडे पाहिले. मी पडलो वेदान्ती. मला नाही म्हणता येईना. त्याने ज्वारीची कणसे तिच्या ओच्यात टाकली आणि "आते जा, माय," म्हणून तिलाच हात जोडले.

यथाकाल आजोबा आले आणि चहा हाती येताच परीक्षा घ्यायला बसले. थोरला एकेक नाव घेई, हात जोडी, मस्तक लववी. चहा निवला.

"शास्त्रीबुवा, ही माणसे होती, देव नव्हेत."

"माणसांनाही आम्ही नमस्कार करतो," मी नम्रपणे म्हणालो.

या बोलण्याने मुलगा बावरला. यहेज्केलाची कथा त्याने यिर्मयाला दिली आणि मत्स्याने गिळलेल्या योनाचे तर त्या मत्स्यासकट विस्मरण झाले. आजोबांनी चष्मा काढला.

"सूनबाई, यांचे कपडे बांध."

आई उठली आणि दांडीवरचे कपडे पेटीत भरू लागली. तोच धाकटी पुढे सरली. "आजोबा, मले अब्राहाम येस!"

परमेश्वर एका पापी नगराचा नाश करू निघाला, तेव्हा तिथल्या सज्जनांसाठी अब्राहामाने त्याच्याशी घासाघीस केली, ती ही कथा. देवाशी असे बोलणे मला प्रशस्त न वाटल्याने मी ती हलक्या आवाजात शिकवली होती. हिने ती बाजारच्या आवाजात उभी केली.

"देवबाप्पा, पन्नास भला माणसं ऱ्हातीन तं? बरं, चाळीस? वीस? राग नको मानू, दहाच ऱ्हातीन तं?"

"अब्राहाम अहिराणी बोलत होता?" आजोबांनी मला विचारले.

"ऐकणारा सर्वज्ञ होता," मी म्हणालो.

"आणि देव दहावर राजी व्हई गया," धाकटी थांबेना. "आजोबा, आमनी दहामाईन पाच उत्तरं बरोबर ऱ्हातीन तं आमले आठेच, नंदुरबारले, ठेवशात?"

"पाच कसली? आठ!" आजोबा बोलून गेले.

"सहा?"

"सात. त्याखाली उतरायचे नाही."

"राग नको मानू आजोबा. सहा?"

आजोबा चष्मा पुन्हा चढवून बोटांवर मोजू लागले. त्यांचा आकडा येईतो पलीकडे आईने पेटीतले कपडे परत दांडीवर घालायला प्रारंभ केला होता.