क्लबहाउसातली रुळाची घंटा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि ती दिसली असं सांगणाऱ्यांवर तर त्याहून नाही. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो ते पांढऱ्या साड्या मोजायला. एखादीला इरकल का आवडू नये, हे मला अजून कळलेलं नाही. माझ्या अनुभवात साडी नाही, रात्र नाही, पिंपळही नाही. भर दिवसा, ग्रॅनाइट लावलेल्या क्लबहाउसात घडलं ते. आणि वैताग याचा की जे ऐकू आलं ते मी सोडून सगळ्यांना आलं.

मी नारायण पेठेत राहतो. माझे मोरूमामा पुणे-दौंड मार्गावर, मांजरीच्या पुढे, एका छोट्या स्टेशनावर स्टेशनमास्तर होते. गावाचं नाव सांगत नाही... सांगितलं तर तिथली कमिटी मला पुन्हा भाषणाला बोलावेल.

गाव रेल्वेनेच वसवलेलं. आधी स्टेशन, मग स्टेशनासाठी माणसं, मग माणसांसाठी मारुती. पाहण्यासारखं म्हणाल तर दगडी स्टेशन, वाफेच्या इंजिनांना पाणी देणारी उंच टाकी, क्वार्टर्सची एक ओळ, चिंचेजवळचं फाटक, आणि प्लॅटफॉर्मवर साखळीने टांगलेला रुळाचा हातभर तुकडा. ही स्टेशनची घंटा. लोखंडी दांडक्याने हाणायची. मागच्या स्टेशनावरून गाडी निघाली की दोन टोले, आपल्या स्टेशनातून सुटली की एक. पुढे लाउडस्पीकर आले आणि घंटा रिटायर झाली. पण एक रिवाज उरला. रेल्वेतल्या माणसाची मयत फाटक ओलांडून स्मशानाकडे निघाली की स्टेशनातून एक टोला द्यायचा. गाडी सुटली, एवढाच अर्थ. मला मनापासून पटलेला हा एकमेव अंत्यविधी.

मामा रिटायर झाल्यावर तिथेच घर बांधून राहिले. मामी गेल्या तेव्हा टोला त्यांनी स्वतः दिला होता. "माझ्या वेळी सुधा देईल," असं ते चहा पिता पिता सांगायचे. सुधा त्यांची एकुलती मुलगी, तिथल्याच शाळेत शिकवायची.

मग आयटी आलं. उसाच्या जागी बारा-बारा मजले उभे राहिले, हडपसरच्या कंपन्यांतली मंडळी राहायला आली. बिल्डरला गावाच्या इतिहासाचा पुळका आला. इमारतींची नावं 'स्टीम', 'व्हिसल' आणि 'जंक्शन'. ते स्टेशन जंक्शन कधीच नव्हतं. मग हेरिटेज कमिटी निघाली, तिचे सेक्रेटरी एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर होते. त्यांनी मला, मास्तरांचा भाचा म्हणून, गावावर पुस्तिका लिहायला सांगितली. मी लिहिली. छापून आली तेव्हा पाण्याची टाकी 'वैभवशाली कालखंडाची मूक साक्षीदार' झाली होती. मी लिहिलं होतं की ती गळते.

प्रकाशनाच्या आठवडाभर आधी मामांचा फोन आला.

"अरे, घंटा कुठंय?"

"कुठं म्हणजे? प्लॅटफॉर्मवर."

"साखळी आहे. घंटा नाही. टेम्पो घेऊन आले नि नेली म्हणे. जतन करायला."

सेक्रेटरींना फोन लावला. "सर, तिथे गंजत होती ना. वी हॅव रिस्टोअर्ड इट. रीतसर परवानगी घेतलीय." रिस्टोअर म्हणजे काय ते प्रकाशनाच्या दिवशी पाहिलं. घंटेला चॉकलेटी पॉलिश मारून चार बोल्टांनी क्लबहाउसच्या भिंतीवर घट्ट बसवली होती. खाली पितळी पाटी, वर स्पॉटलाइट, शेजारी काचेच्या कपाटात दांडका, त्याला लाल रिबन.

सकाळचा कार्यक्रम. माननीय पाहुणे नेहमीप्रमाणे उशिरा आले, पाऊण तास 'स्मार्ट व्हिलेज'वर बोलले, मग दांडका उचलून त्यांनी घंटेवर हाणला.

ठप्प.

उशीवर धपाटा घातल्यासारखा आवाज. पाहुण्यांनी आणखी जोरात हाणला. ठप्प. तिसऱ्यांदाही तेच. सेक्रेटरींनी टाळ्या सुरू केल्या, लोकांनी सोडवणूक झाल्यासारख्या वाजवल्या, आणि पुरी-भाजीकडे मोर्चा वळला. मी मनातून खूश होतो. तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. मामा. स्टेशनावर गुलाबभाईंच्या टपरीवर बसून सुधाच्या मोबाइलवरून बोलत होते, आणि संतापले होते.

"कोण गाढव घंटा देतंय रे?"

"मामा, घंटा इथे आहे, क्लबहाउसात."

"ते मला सांगू नकोस. आत्ता तीन टोले पडले. तीन कुठं देतात का? तीनचा काही अर्थच नाही."

मी म्हटलं, म्हाताऱ्याला भास झाला. मग फोन सुधाने घेतला. "दादा, मीही ऐकले. गुलाबभाईंच्या हातून चहा सांडला. साखळीतूनच आवाज आला रे... आणि साखळी रिकामी आहे."

स्टेशन आणि क्लबहाउस यांच्यात दोन-अडीच किलोमीटर, हमरस्ता आणि 'जंक्शन'चे तीन टॉवर. मी शहाण्या माणसासारखा प्रयोग करायचं ठरवलं. पुढच्या रविवारी सेक्रेटरींच्या परवानगीने क्लबहाउसात गेलो. सुधा स्टेशनावर, फोन चालू. तिला न सांगता मनाला येईल तेव्हा हाणत गेलो. माझ्या कानाला ठप्प. तिचं "आत्ता" मात्र दरवेळी ठोक्यासरशी यायचं. एकदा दांडका नुसता उगारला, मारला नाही. ती गप्प राहिली. फोनमधून मला घंटा ऐकू येईल म्हणावं तर तेही नाही. टपरीवरचा रेडिओ आला, गुलाबभाईंचं "या अल्ला" आलं. घंटा नाही.

इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारा एक मित्र आहे, त्याला विचारलं. "सोपं आहे. रूळ टांगलेला असला की मोकळा थरथरतो, म्हणून वाजतो. भिंतीला आवळलात तर काय डोंबल वाजणार?"

"बरं. आणि तिकडे वाजते ती?"

"ते तू सायकॉलॉजीवाल्याला विचार."

म्हणजे निम्मं उत्तर मिळालं, तेही मला न पडलेल्या प्रश्नाचं.

भुताचं राहू द्या. मला घंटा परत जागेवर हवी होती, कारण मामांना ती हवी होती. वय झालं होतं, छातीचं दुखणं वाढत होतं, आणि दर भेटीत ते एकच विचारायचे, "आणतोयस ना रे?" मी कमिटीला अर्ज दिला. उत्तर आलं, घंटा हे 'हेरिटेज अ‍ॅसेट' असून तिचा विषय पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ. पुढच्या मीटिंगमध्ये पार्किंग निघालं. त्याच्या पुढच्या मीटिंगमध्ये कुत्री. स्टेशनात विचारलं तर म्हणाले, कमिटीने मागितली, आम्ही दिली, आता त्यांनी परत केली तर ठेवू. सेक्रेटरी भेटले की हसून म्हणायचे, "सर, इमोशन समजतो, पण प्रोसेस असते." रूळ उचलून टेम्पोत टाकताना ही प्रोसेस कुठे गेली होती, असं मी विचारलं. त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही.

मामा एका सकाळी अंघोळीहून येऊन खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. मी पोचलो तेव्हा तयारी झाली होती. सुधा रडत नव्हती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "अग्नी मीच देणार आहे, त्यामुळे टोला द्यायला मी नसेन. तू क्लबहाउसात जा. आम्ही फाटकापाशी आलो की फोन करते. एकच टोला दे, दादा. तुला ऐकू नाही आला तरी चालेल."

रिक्षाने क्लबहाउस गाठलं. दाराबाहेर खुर्ची टाकून गार्ड बसलेला. विदर्भातला माणूस, चेहऱ्याने गरीब, आज्ञेचा पक्का.

"मेंबर हाय का?"

"नाही. पाच मिनिटांचं काम आहे. मयतीचं आहे."

"मयत इथं नाई होत, सायेब."

"इथे नाही हो. मला फक्त ती घंटा एकदा वाजवायचीय."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "ते वाजत नाई, सायेब. सगळ्यायले माहीत हाय."

हॉलचं रंगकाम काढलं होतं, दार कुलूपबंद, किल्ली सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी ऑफिसात, फोन बंद. काचेतून आत दिसत होतं. घंटेवर प्लॅस्टिक गुंडाळून चिकटपट्टी लावलेली, दांडका त्याच्या कपाटात, रिबनसकट. हॉलमध्ये कोणी नव्हतं. मी हात जोडले. गार्ड म्हणाला, "माही नोकरी जाईन ना." खरंच गेली असती. मग मी आवाज चढवला, तोही काही उपयोग नसल्याची खात्री असताना.

फोन वाजला. सुधा. "आलो फाटकाशी. दे."

मी म्हटलं, "सुधा, ऐक, इथे कुलूप—"

फोन कटला. परत लावला, लागला नाही. मी काचेला तोंड लावून उभा राहिलो, त्या प्लॅस्टिकमधल्या लोखंडाकडे बघत. ते जसं होतं तसं होतं. गार्डने मला पाणी आणून दिलं. मी प्यायलो.

स्मशानात पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. काय सांगायचं ते रिक्षात पाठ केलं होतं, कुलूप, रंग, किल्ली, सगळं. सुधा तिथल्या कट्ट्यावर बसली होती. मला पाहून उठली आणि माझा हात धरला.

"किती नेमका दिलास रे. बाबांचं पाऊल फाटकातून बाहेर पडायला, आणि..." पुढे तिला बोलवेना. मागून गुलाबभाई म्हणाले, "मास्तरांना शोभेल असा. एकच. टणटणीत."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी पाठ केलेलं विसरलो नव्हतो. पण सुधा आता कुठे रडायला लागली होती, तिला थांबवून कुलपाबद्दल कसं सांगायचं?

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा क्लबहाउसात गेलो. प्लॅस्टिक, चिकटपट्टी, कपाट, सगळं जागच्या जागी. गार्डला विचारलं, त्या दिवशी आत कोणी गेलं होतं का. "किल्लीच नव्हती ना, सायेब," तो म्हणाला.

घंटा अजून तिथेच आहे. आता शेजारी बटण बसवलंय. दाबलं की स्पीकरमधून इंजिनाची शिट्टी वाजते, पोरं खूश असतात. स्टेशनावर साखळी तशीच लोंबते. मी तिकडे गेलो की टपरीवर बसतो, कान देऊन. गुलाबभाईंनी बऱ्याच जणांच्या वेळचा टोला ऐकलाय म्हणे, क्लबहाउसात कोणी न जाता. मला अजून एकदाही ऐकू आलेला नाही. आणि सुधाला मी अजून सांगितलेलं नाही.