नरसम्माचा खोकला

चेकरनं माझी टोपली उचलली आणि माझ्याच डोक्यावर पालथी केली.

दिवसभर मांडी मोडून वळलेल्या बिड्या. डोक्यावरून, खांद्यावरून, पदरावरून घरंगळत पायाशी. रांगेत मागं चाळीसेक बाया.

"ही काय बिडी आहे का गं, ए दुष्काळी? शेळ्या हाकायच्या हातानं बिड्या वळतीस?"

दुष्काळी म्हणजे मी. बाहत्तरच्या दुष्काळात नवऱ्याबरोबर सांगोल्याकडनं सोलापुरात आलेली. नाव विचारायची तसदी त्यानं कधी घेतली नाही.

एक बिडी माझ्या अंबाड्यात अडकून उभी राहिली होती. मला ती जाणवत होती. रडायचं होतं, पण तोंडातून निघालं भलतंच. मी मान वळवली, अंबाडा त्याच्यापुढं केला आणि म्हणाले, "सायेब, एवढी तरी पास करा की. फुलागत माळून आणली हाय."

चेकर हसला. पोट धरून हसला. मग बाया हसल्या. मी फरशीवरनं बिड्या गोळा केल्या, त्या त्यानं न बघता पास केल्या.

घरी जाताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते. काय बाजी मारली म्हणून! तो अपमान होता हे कळायला मला दोन वर्षं लागली.

आमचं काम असं. कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणायची, घरी बसून बिड्या वळायच्या, दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायच्या. चेकर बघणार. नापसंत बिडी बाजूला टाकणार. तिला म्हणायचे छाट. छाटीचे पैसे नाहीत आणि बिडीही परत नाही.

आता तुम्ही म्हणाल, वाईट बिडी छाटीत जात असेल. जात होती की! पण चांगलीही जात होती. चेकरची बायको रुसून माहेरी गेली, की आमची निम्मी टोपली छाटीत. पोरगा मॅट्रिकला नापास झाला, तेव्हा आठवडाभर आमच्या बिड्या नापास. आणि मेहुण्याचं लग्न जमलं त्या दिवशी वाकड्यातिकड्या बिड्यासुद्धा सरळ दिसल्या त्याला. मालकापुढं तो हात बांधून उभा राहायचा. तिथं गिळलेला राग आमच्या टोपल्यांत आणून ओकायचा. रागवायचा हक्क त्याचा. भ्यायचं काम आमचं, आणि त्या कामाला मजुरी नव्हती.

बायांनी यावर एक युक्ती काढली होती. रांगेतली पहिली बाई चेकरच्या टेबलावरनं परत येताना पदर डोक्यावर घेऊन आली, तर समजायचं, आज गडी तापलाय. पदर खांद्यावर असला, तर बरा आहे.

माझ्या अंबाड्याच्या त्या प्रतापानंतर त्यात एक भर पडली. पदर डोक्यावर दिसला, की बाया मला पुढं ढकलायच्या. "जा गं, हसीव त्याला."

आणि मी जायची. नाचत जायची! रेशन दुकानदार मापात अंगठा कसा घालतो ते केलं. टांग्याचं घोडं चढावर कसं अडतं ते केलं. माझा नवरा पिऊन आल्यावर शेजाऱ्याचं दार कसं वाजवतो ते केलं. हे नवऱ्याला कळलं, त्यानं मला मारलं. दुसऱ्या दिवशी त्यानं कसं मारलं ते करून दाखवलं. चेकर लई हसला. त्या दिवशी कुणाचीच छाट निघाली नाही.

माझ्या शेजारी नरसम्मा राहायची. तेलगू बाई, विणकराची बायको, मराठी मोडकंतोडकं बोलायची. मी गावाकडनं आले तेव्हा मला पान कातरता येत नव्हतं. तिनं आपली कात्री माझ्या हातात दिली, माझी बोटं धरून मला बिडी वळायला शिकवलं. तीस वर्षं तंबाखूत बसून तिला खोकला लागला होता. बोलता बोलता वाकायची, भिंत धरायची.

एक दिवस पदर डोक्यावर आला. मी पुढं गेले, घोडं केलं. चेकर जांभई देऊन म्हणाला, "तेच तेच काय? ती म्हातारी खोकते कशी, ते कर."

नरसम्मा रांगेत तिसरी होती. मी तिच्याकडं बघितलं. मग केलं.

वाकले. भिंत धरली. डोळे बाहेर काढले. हुबेहूब! चेकरनं टेबलावर थापा मारल्या. बाया हसल्या. नरसम्माही तोंडाला पदर लावून हलत होती. मला वाटलं, हसतेय. ती खोकत होती.

घरी जाताना रस्त्यात ती थांबली. "बरं केलीस गं पिल्ला. पण खोकला हितनं येत नाही." माझ्या गळ्यावर बोट ठेवलं. मग माझा हात ओढून आपल्या बरगड्यांवर दाबला. "हितनं येतोय."

हाताखाली आत काहीतरी फाटत होतं. तिनं शिवी दिली असती तर मी उलटी शिवी दिली असती. तिनं मला शिकवलं. पहिल्यांदा शिकवलं, तसंच.

आठ दिवसांनी परत पदर डोक्यावर. परत बायांचे हात माझ्या पाठीवर. "जा की गं! पोरं उपाशी निजवायची हायती व्हय?"

चेकर खुर्चीत रेलला. "ये, दुष्काळी. होऊन जाऊ दे म्हातारीचा खोकला."

मी टोपली टेबलावर ठेवली. "न्हाय."

"काय न्हाय?"

"खोकणार न्हाय. हसवणार बी न्हाय. बिड्या बघा."

त्यानं एक बिडी उचलली, माझ्या तोंडाकडं बघत मोडली. दुसरी मोडली. तिसरी. बिडीकडं बघतच नव्हता. मी रडते का हसवते, याची वाट बघत होता. बाईची ही दोनच तोंडं त्याला ठाऊक होती. मी तोंड कोरं ठेवलं.

माझी अख्खी टोपली छाटीत गेली. मग मागच्या बायांच्याही गेल्या. नरसम्माची पण.

बाहेर बायांनी मला घेरलं. "लई मानाची लागून गेलीस! तुझ्या मानापायी आमच्या चुली इझल्या." एक थुंकली. मी नरसम्माकडं बघितलं, ती तरी माझ्या बाजूनं बोलेल म्हणून.

ती म्हणाली, "खोकताना मला विचारली नाहीस. थांबताना पण विचारली नाहीस."

मी रिकामी टोपली उचलली आणि घरी आले.

सकाळी तिच्या दारात गेले. म्हटलं, "अम्मा, आज बी न्हाय करणार. पर सगळ्यांच्या पुढं उभी ऱ्हाते. त्याचा पहिला राग माझ्या टोपलीवर निघंल. तुला चालंल का?"

ती पान कातरत होती. मान वर न करता म्हणाली, "उभी राहा."

उभी राहिले. त्यानं माझी निम्मी टोपली छाटली. दुसऱ्या दिवशी परत उभी राहिले. तिसऱ्या दिवशीही. चेकर सुधारला असं मी सांगणार नाही, तो सुधारला नाही. बाया दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. भाकरी अर्धी झाली.

मी आजही माणसं हसवते. बारशात हसवते, मोर्चात हसवते, मयताहून परत येतानासुद्धा हसवते. पण ज्याच्या हातात माझी भाकरी आहे, त्याला नाही. त्यानं माझं काम बघावं. राग आला तर ज्याच्यावर आलाय त्याच्यापुढं जाऊन काढावा. माझ्याकडून त्याला भीती मिळणार नाही, रडणं मिळणार नाही, आणि हसू तर मेले तरी नाही.